सुकटीचा उतार

सदा,

तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही. तुला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. खाडीकाठी तुझ्या मुलाने पिंड मांडला, भटजींनी सगळं यथासांग केलं, आम्ही मागे सरकून उभे राहिलो आणि मग नुसतं ऊन. समोर होड्यांवर कावळे चांगले दिसत होते, पण एकालाही इकडे यावंसं वाटेना. ज्याच्या ताज्या डांबरावर न बोलावता कावळ्यांची पंगत बसली होती, त्याच्या पिंडाकडे एक मेला ढुंकून बघेना. मला हसूही आलं आणि रडूही आलं, पण दोन्हीपैकी काही करायचं त्राण अंगात नव्हतं.

मुलगा म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. तुझा भाऊ म्हणाला, सामाईक आवाराचा वाद मी मिटवतो. कावळे आपले होडीवर. बायकांनी खाडीवर यायचं नसतं असं कुणीतरी आधी पुटपुटलं होतं, ते तुझ्या मंदाने कानाआड केलं होतं. आता ती माझ्याकडे वळली.

"शैला, तू बोल."

"मी काय बोलू?"

"तुला माहीत आहे. अंथरुणावर पडल्यापडल्या हे तेच म्हणायचे. तिला एकदा तोंडाने कबूल होऊ दे, म्हणायचे."

माहीत कसं नसेल? रस्ता जाळ्यामुळे टिकला, एवढंच वाक्य. ते माझ्या तोंडून ऐकायला तू वर्षानुवर्षं टपून बसला होतास. सगळे माझ्याकडे बघत होते. बोलून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पिंडासमोर खोटं बोलायचं नसतं रे, आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. "मला नाही जमत, मंदा," म्हटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवून पुन्हा होड्यांकडे बघत बसली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही घरी आलो. पानं मांडलेली होती, सगळे जेवलो.

तेव्हापासून मी थकले आहे. नुसती झोप हवी अशी थकलेली नाही. ज्याच्याशी भांडायचं ते माणूसच गेलं की जीभ जड होते, तशी. सकाळी लॅबचं कुलूप काढते, चहाला दोन कप काढते, मग एक परत ठेवते. वाचून तू हसशील, पण हसायला तरी ये.

आपला प्लांट हातखंब्याच्या अलीकडे, उघड्या कातळावर. खडी तापवायची, डांबर मिसळायचं, डंपर भरून पाठवायचे. मालक दुसराच होता, पण आवाज तुझा. कोपऱ्यातली पत्र्याची लॅब माझी. डिप्लोमाला एका बाकावर बसलो तेव्हापासूनचं आपलं एकच काम, मी चुका काढायच्या आणि तू उखडायचं. दरवर्षी तेच रस्ते, पावसाळ्यानंतर तेच खड्डे. गणपतीला येणारे चाकरमानी गाडीतून उतरायच्या आधी आपल्याला शिव्या घालणार. तू म्हणायचास, "शैले, आपण रस्ते नाही करत, आपण दिवाळीचा किल्ला करतो. पोरांनी तुडवायचा आणि पुढच्या वर्षी परत करायचा."

मग तू पुण्याच्या ट्रेनिंगला गेलास आणि येताना मूठभर पांढऱ्या धाग्यांची पिशवी घेऊन आलास. परदेशात म्हणे डांबरात हे धागे घालतात. डांबर उन्हात मऊ होतं, पावसात कडक होतं, वरून वाहनं आदळतात, मग बारीक भेग पडते, भेगेत पाणी शिरतं आणि पाण्याने एकदा घर केलं की रस्ता गेला. धागा त्या भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतो. मी नाक मुरडलं, तर तू म्हणालास, "तुझी आजी चुलीच्या मातीत पेंढा घालायची की नाही? तेव्हा तिला कुणी रिपोर्ट मागितला होता?" मी म्हटलं, आजीच्या चुलीवरून डंपर जात नव्हते. तू पिशवी माझ्या टेबलावर उपडी केलीस आणि म्हणालास, "हे धागे बाहेरून कशाला आणायचे? आमच्या बंदरावर डोंगर पडलेत."

मिरकरवाड्यातलं तुझं घर मला ठाऊक होतं. जेटीच्या मागे फाटक्या जाळ्यांचे ढीग, त्यांना कुणी वाली नाही. तू ती पोती भरभरून आणलीस. तुझ्या घरच्या बायका विळ्या घेऊन अंगणात बसल्या आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायला लागल्या. मी माझं काम केलं. दोन प्रकारची जाळी तापवून बघितली. हिरवी दोरी लगेच वितळून तिचा गोळा झाला, पांढरं नायलॉन तसंच राहिलं. "पांढरं ठेव, हिरवं फेक," म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू माझं मुकाट ऐकलंस. पहिल्या बॅचला धाग्यांची अशी गुंतवळ झाली की मिक्सरमधून कुणाचं तरी डोकं विंचरून काढल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वेळी तू गरम खडीवर धागे थोडे थोडे भुरभुरलेस आणि डांबर मागून सोडलंस, तेव्हा जमलं.

चाचणीसाठी एक तुकडा मिळाला, तो तुझ्या आजोळच्या वाडीचा उतार. वरचा अर्धा साध्या डांबराचा, खालचा अर्धा जाळ्याचा. बांधकाम खात्याचे साहेब बघायला येणार होते. नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, डांबर पसरणारा पेव्हर सुरू झाला आणि पहिला डंपर ओतल्याबरोबर वास सुटला. डांबराचा नव्हे. तव्यावर सुकट टाकावी तसा. मी तुझ्याकडे बघितलं.

"जाळी धुतली होतीस ना?"

"धुतली की गो, चांगली घासून."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बंदरात."

अरे देवा! बंदरात! जिथे अख्ख्या गावाचं म्हावरं धुतात, बर्फाचं पाणी सोडतात, तिथे तू जाळी धुतलीस! आणि वर मला विचारतोस, "कसला वास? मला तर काही वास येत नाही." तुला कसा येणार? तू त्या वासात जन्मलास, वाढलास, त्याच वासात लग्न केलंस. तुझ्या घरच्या कुणालाच तो आला नाही. रोलर पुढे जायचा अवकाश की मागे कावळे उतरायचे, पाय भाजला की उडायचे, परत उतरायचे. वाडीतली मांजरं दगडी कुंपणाच्या गडग्यावर येऊन बसली. तुझी मामी पडवीतून ओरडली, "मेल्यांनो, रस्ता करताय की माझ्या दारात सुकट भाजताय?" आणि साहेब गाडीतून उतरले ते रुमाल नाकाला लावूनच. "हे डांबर आहे की कालवण?" म्हणाले आणि गाडीत बसले. त्या दिवसापासून तो सुकटीचा उतार झाला. पाटीवर नाव वेगळं आहे, पण रिक्षावाल्याला सुकटीचा उतार म्हटल्याशिवाय कळत नाही.

वास गेला पुढे काही दिवसांनी. नाव राहिलं आणि रस्ताही राहिला. पाऊस सरल्यावर बघायला गेलो तर वरचा अर्धा भाग फुटलेला आणि खालचा तुकतुकीत. तू रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरलेस. "मग? बोललो नव्हतो?" ही तुझी आवडती ओळ. जेवणात मीठ बरोबर पडलं तरी तू हेच म्हणायचास. तेवढ्यात मला कडेचं गटार दिसलं. चिऱ्याचं, घडीव, सुंदर गटार. फक्त जाळ्याच्या तुकड्याला. वरच्या साध्या तुकड्याला नुसता चर.

"हे कुणी बांधलं?"

"मी," तू म्हणालास. "वरचं सगळं पाणी खाली येतं. माझं लेकरू बुडलं असतं."

आणि तिथे आपलं भांडण सुरू झालं, ते तू गेलास तरी संपलं नाही. मी म्हटलं, सदा, लाडक्याला छत्री दिलीस आणि सावत्राला भिजवलंस, आता कोण तगला त्यावरून काय कळणार? रस्त्याचं खरं मरण पाण्यात असतं, ते तुला मी शिकवायला नको होतं. गटारामुळे टिकला असेल, जाळ्यामुळे टिकला असेल. तू म्हणालास, "डोळ्यांनी दिसतंय ते बोल ना!" मी म्हटलं, डोळ्यांनी गटार दिसतंय. तू जो तोंड फिरवून चालता झालास, तो मामीच्या घरी जाऊन माझ्या वाटणीची घावनं खाऊन आलास.

अहवालात मी लिहिलं, सदर चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. विषय बारगळला. तुझी जाळ्यांची पोती प्लांटच्या शेडमध्ये कुजली. पुन्हा तुकडा कुणी दिला नाही. सुकटीचा वास साहेब विसरले असतील, पण थट्टा कुणी विसरत नाही. तू माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाहीस आणि मग एक दिवस खिडकीतून कप आत सरकवून म्हणालास, "घे, निष्कर्ष काढ, साखर आहे की नाही." आजही तो अहवाल लिहायला दिला तर मी तेच लिहीन. हे तू वर बसून ऐकतोयस ना, मग नीट ऐक.

पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. या धंद्यात मला सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलंय, "मॅडम, एवढं करून टाका ना." कुणी लाडाने, कुणी डोळे वटारून. तू रागावलास, अबोला धरलास, माझ्या नावाने प्लांटभर शंख केलास. पण अहवालातला एक शब्द बदल, असं तू म्हटलं नाहीस. तुझ्या आयुष्यातली एकच गोष्ट तुला मोठी वाटत होती आणि ती माझ्या एका ओळीने अडली होती, तरी नाही म्हटलंस. मालक म्हणाला होता की मॅडमला जरा समजाव. तू त्याला सांगितलंस, "तिची सही ती करील, तुमचं काम तुम्ही करा." हे मला मागाहून मंदाने सांगितलं. सदा, त्याबद्दल मी तुझी फार ऋणी आहे. तोंडावर बोलायला लाज वाटली. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

दरवर्षी गणपती गेले की आपण उतारावर जायचो. तो नेमच होता. तू आधी काय करायचास, आठवतं? पँट दुमडून गटारात उतरायचास आणि पालापाचोळा, माती, चिऱ्यांचे तुकडे हातांनी उपसायचास. मी कडेला उभी राहून म्हणायची, "बघ, तुझाच जाळ्यावर विश्वास नाही, गटारावर आहे." तू चिखलाचा हात दाखवायचास. मग मामीकडे चहा. मामी विचारायची, "मिटलं काय रे भांडान?" आपण दोघं एकदम म्हणायचो, "नाही."

मग तुझी किडनी गेली आणि सगळं त्यातच गेलं. डायलिसिस, पथ्य, पाणीसुद्धा मोजून. कोल्हापूरला नेताना मी गाडीत तुझ्यापाशी होते. तू आडवा पडून डोळे मिटून रस्त्याला नावं ठेवत होतास. हादरा बसला की म्हणायचास, "इथे डांबर थंड झाल्यावर रोलर फिरवलाय." पुढे म्हणायचास, "इथे दोन थर चिकटवायला टॅक कोट मारलेलाच नाही." ड्रायव्हर घाबरून मागे बघत होता. एका ठिकाणी गाडी गुळगुळीत गेली तर डोळे उघडलेस आणि विचारलंस, "हे कुणी केलं?" मला माहीत नव्हतं. "बरं केलंय," म्हणालास आणि परत डोळे मिटलेस. तुझ्या तोंडून दुसऱ्याच्या रस्त्याला बरं आलेलं मी तेव्हाच काय ते ऐकलं.

शेवटच्या भेटीत तू फार बोलला नाहीस. पाय सुजलेले, ओठ कोरडे. मी म्हटलं, बरा हो, गणपतीनंतर उताराला जायचंय, दोन पावसाळे झाले, गेलो नाही. तू म्हणालास, "गटार भरलं असेल." मी म्हटलं, भरू दे. तू जरा हसलास. "शैले, आता तरी बोल ना." मी म्हटलं, आधी उठ, मग बोलू. मला वाटलं होतं त्या निमित्ताने तू उठशील. एवढं मोठं आमिष दुसरं माझ्याकडे नव्हतं.

दहाव्यानंतर घरात बसवेना. मंदाचं ते मान हलवणं डोळ्यांपुढून जाईना. मग एका सकाळी रिक्षा करून उताराला गेले. कशाला, ते माझं मलाही माहीत नव्हतं. उताराच्या माथ्यावर उतरले. वरचा साधा तुकडा म्हणजे गोधडीच झालेला. ठिगळावर ठिगळ आणि ठिगळाशेजारी नवा खड्डा. खाली चालत आले आणि गटार शोधायला लागले. गटार नव्हतंच, सदा. मामीचा गडगा त्यात कोसळलाय. चिरे, माती आणि त्यावर घाणेरीचं झुडूप माझ्या कमरेएवढं वाढलंय. असं झुडूप काही एका पावसात होत नाही. पाण्याला जायला जागाच उरलेली नाही. वरच्या उताराचं सगळं पाणी तुझ्या जाळ्यावरून धावत गेलंय. डांबरावर त्याचे लाल ओघळ स्पष्ट दिसत होते.

मी खाली बसले. गुडघे आता कुरकुर करतात, तरी बसले. भेगा आहेत, बारीक, केसासारख्या. त्यांतून पांढरे धागे दिसतात, दोन्ही काठांना धरून. खड्डा एकही नाही. खालच्या टोकाला पाण्याने रस्त्याच्या पोटातली माती नेलीय आणि डांबराचा एक तुकडा अधांतरी लोंबतोय. म्हटलं, हा नमुना घेऊन जावा. हाताने ओढला. येईना. पायाने दाबला. वाकला, चिरला, पण सुटेना. लहान पोराचा हलणारा दात जसा शेवटच्या धाग्याने हिरडीला चिकटून राहतो, तसा तो धरून राहिला. मी ओढत होते आणि रडत होते. रस्त्यावर बसून डांबराशी झोंबणारी म्हातारी, बघणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

तेवढ्यात मामी काठी टेकत पडवीतून खाली आली. खूप वाकलीय. मी विचारलं, "मामी, हा गडगा कधी पडला?"

"सदा आजारी पडला ना, त्याच पावसात. आता दोन-तीन पावसं झाली. तो येयाचा तर उपसायचा. तो नाय तर कोन उपसनार?"

आणि मग मला कळलं. तू दरवर्षी हाताने त्या तुकड्याला जपत होतास, म्हणून काही सिद्ध होत नव्हतं. तू अंथरुणाला खिळलास, छत्री मिटली आणि तेव्हा कुठे चाचणी खरी झाली. आपल्या दोघांपैकी कुणीही न बघता. तू तिकडे घोटभर पाण्यासाठी तडफडत होतास आणि इकडे तुझा रस्ता पाण्याखाली उभा होता. लॅबमधली शैला अजून कुरकुरतेय म्हणा. म्हणतेय, एका तुकड्याने काय होतं, आणखी तुकडे हवेत, आणखी पाऊस हवा. तिला मी म्हटलं, गप्प बस जरा. डोळ्यांनी दिसतंय ते बोल.

उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. पुटपुटले नाही. "सदा, रस्ता जाळ्यामुळे टिकला."

कावळा वगैरे काही आला नाही. एक मांजर गडग्याच्या पडलेल्या चिऱ्यावर अंग चाटत होतं, त्याने मानही वर केली नाही. वाऱ्याला डांबराचा वास होता, सुकटीचा नव्हता. मी तशीच उभी राहिले. तुझं ते "मग? बोललो नव्हतो?" येईल म्हणून थांबले होते, हे माझं मलाच जरा वेळाने कळलं.

मामी काठीवर हनुवटी टेकून बघत होती. "कोनाशी बोलतीस गो बाय?"

"सदाशी. भांडण मिटवलं."

"कोन जिकलं?"

"तो."

"आनि काय म्हनतो?"

"काही नाही, मामी. जिंकला तरी गप्प आहे. आयुष्यात पहिल्यांदाच."

मामीने लोंबणाऱ्या त्या तुकड्याला काठीचं टोक लावून बघितलं.

"दमला असंल गो," ती म्हणाली.